डावा खांदा अर्धा इंच खाली

४ फेब्रुवारी

पोचले बाई एकदाची! दोन बॅगा, टॉवेलात गुंडाळलेली माझी कात्री आणि मी, सगळे धडधाकट.

खोली दुकानाच्या अगदी डोक्यावर आहे. लाकडी जिना उतरला की थेट कातरकामाच्या टेबलापाशी. पलंग, एक खुर्ची, चहापुरती शेगडी आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. समोर चपला दुरुस्त करणारा, शेजारी चाव्या करणारा, आणि मध्ये आम्ही, कपडे घट्ट-सैल करणारे. म्हणजे या गल्लीत नवं काही मिळतच नाही, जुनं तेवढं नीट करून मिळतं. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

मालकीणबाई साठीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. माझं तोंड बघायच्या आधी त्यांनी माझे हात बघितले. बोटांवरचे सुईचे टोचे दिसले तेव्हा कुठे हसल्या. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना. दिवसभर आम्ही दोघी नुसते हातवारे करत होतो, तरी संध्याकाळपर्यंत चार पँटी आणि एका कोटाचं अस्तर हातावेगळं झालं. शिवणाऱ्या बायकांचं असंच असतं, कापड मध्ये असलं की भाषेवाचून फार अडत नाही.

गिऱ्हाइकाशी मात्र अडतं. हे काम मिळवून देणाऱ्या एजंटाने स्पष्ट सांगितलंय की मालकीणबाईंना गल्ल्यावर उभी राहून बोलणारी बाई हवी आहे. बोलता आलं तर नोकरी कायम, आणि नोकरी कायम झाली तरच ठमीला इथे आणता येईल. ठमी माझी लेक, आठ वर्षांची. सध्या ताईकडे आहे. तिचा बाप तिला पाळण्यात टाकून गेला तो गेलाच, त्याच्यावर शाई वाया घालवत नाही. निघताना ठमीने विचारलं, किती दिवसांनी बोलावशील? मी म्हटलं, लवकरच. तर कार्टी म्हणते, गिऱ्हाइकांना सांगतेस तसं नको, खरं सांग.

९ फेब्रुवारी

ताईने फोनवर मला शिकवणी लावून दिली. शिकवणारं माणूस नाही, एआय आहे. कानात इअरफोनची बोंडं घालायची आणि बोलत सुटायचं. मी तिचं नाव शिकवणीबाई ठेवलंय. आवाज शांत, जरासा जाडसर. कितीही चुकलं तरी रागवत नाही, आणि मला त्याचीच सवय नाही. माझ्या सगळ्या मास्तरांनी मला कान पिळून शिकवलं.

पद्धत छान आहे. ती म्हणते, आज मी गिऱ्हाईक, तू गल्ल्यावर. मग ती कधी म्हातारा होते, कधी घाईत असलेली नवरी, कधी कटकट्या माणूस. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी ट्रायल रूमचा पडदा ओढून आरशासमोर उभी राहते आणि तिच्याशी बोलते. आज मालकीणबाईंनी पडदा बाजूला करून डोकावलं आणि डोक्याशी बोट फिरवून हसल्या. हसा म्हटलं.

२१ फेब्रुवारी

आज कमालच झाली. सकाळी शिकवणीबाई म्हातारा गिऱ्हाईक झाली होती. करडी पँट, उंची कमी करायची, पण उजवा पाय डाव्यापेक्षा एक इंच जास्त आखूड. दोन-तीनदा फजिती झाली, मग जमलं. आणि दुकान उघडल्यावर पहिला माणूस आला तो म्हातारा, हातात करडी पँट, आणि शब्द न् शब्द तोच! मी फाडफाड उत्तरं दिली. मालकीणबाई आपला चहा विसरून बघत राहिल्या. शाळेत असताना पेपर फुटल्याचं नुसतं ऐकायचे, माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. आज आला.

त्याची मापं घेतली तर दोन्ही पाय सारखे. टेप पुन्हा लावली, तरी सारखेच. खुणेने विचारलं तर त्याने खांदे उडवले, सांगितलंय तसं कर म्हणाला. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. दिली कापून.

१६ मार्च

रोज पेपर फुटतोय! सकाळी जे घोकते तेच दुपारपर्यंत दारात. कोटाची तुटलेली चेन, सैल झालेली कंबर, बाहीला पडलेलं भोक. आता गल्ल्यावर मीच असते. मालकीणबाई आत मशीनवर बसून कान देतात आणि खूश होऊन मान हलवतात. ताईला सांगितलं तर म्हणाली, देव पावला. मी म्हटलं देव नाही, फोन पावला.

२ एप्रिल

नोकरी कायम! ठमीचे कागद पुढे गेले. ताई तिला घेऊन येणार, दहा मेचं तिकीट. आता मालकीणबाईंची एक शेवटची सही तेवढी राहिलीय. मी जिन्यातच बसून रडले. दगडाखालचा हात निघाला.

आज तो करड्या पँटवाला म्हातारा इतक्या दिवसांनी पँट न्यायला आला. काठी टेकत. आमच्याकडे पँट टाकून गेला त्याच संध्याकाळी घराच्या पायरीवरून पडला म्हणे. हाड जुळलं, पण उजवा पाय आखूड राहिला. पँट घालून आरशासमोर उभा राहिला. दोन्ही पाय जमिनीला बरोबर टेकत होते, कुठे सुरकुती नाही की झोळ नाही. मालकीणबाईंनी माझी पाठ थोपटली.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. तसंच असेल. पण जेवण गेलं नाही.

९ एप्रिल

डोक्यातला किडा काही जात नाही. आज मुद्दाम शिकवणीबाईला सांगितलं, काहीतरी अचाट गिऱ्हाईक हो. ती म्हणाली बरं. मग ती एक माणूस झाली, ज्याला पोपटाच्या पिंजऱ्यावर निळं झाकण शिवून हवं होतं, वर हात घालायला खिसा ठेवलेलं. मी हसत हसत ऑर्डर घेतली. असलं खूळ घेऊन कोण येतंय आमच्या गल्लीत? येऊ दे, बघूच.

१० एप्रिल

आला.

निळं कापड घेऊन आला. सगळं बोलला, खिशासकट. मी उत्तरं दिली कारण ती तोंडात तयारच होती. ऑर्डर झाल्यावर तो तिथेच उभा राहिला. मालकीणबाईंनी सहज विचारलं असावं, पोपट मोठा आहे का लहान.  तो म्हणाला, माझ्याकडे पोपट नाही. पिंजराही नाही. आपण इथे का आलो हे त्यालाच कळत नव्हतं. माफी मागून गेला. घामाने कॉलर भिजली होती त्याची.

१३ एप्रिल

झाकण न्यायला आला. हातात पिंजरा, आत पोपट. सकाळी उठलो तर स्वयंपाकघराच्या टेबलावर होता म्हणाला, दारं-खिडक्या सगळ्या आतून बंद. झाकण घातलं, बरोबर बसलं.

म्हणजे पेपर फुटत नाही. पेपर आम्हीच काढतो, ती आणि मी, सकाळी ट्रायल रूममध्ये. मी ऑर्डर घेतली की माणसाला त्या कपड्याची गरज पडते. कपडा आधी, गरज मागून. म्हाताऱ्याचा पाय माझ्या कात्रीने आखूड केला.

शिकवणी बंद करून कानातली बोंडं चहाच्या डब्यात टाकली.

२८ एप्रिल

शिकवणी बंद ठेवली तर माझी दातखीळ बसते. घोकलेलं नसेल ते हातवाऱ्यांनी, तुटक-तुटक कळतं तेवढंच; कुणी घाईने बोललं तर एक वाक्य कळत नाही. आज एक बाई माझ्यावर ओरडली, काय म्हणाली कुणास ठाऊक. मालकीणबाई पहिल्यासारख्या हसत नाहीत. त्या शेवटच्या सहीचा कागद ड्रॉवरमध्ये पडून आहे. आज मी तो काढून पुढे केला तर त्यांनी हाताने थांब म्हटलं.

ठमी फोनवर विचारत होती, तिकडे माझ्या उंचीचा आरसा आहे का. आहे म्हटलं.

एकदाच बोलते शिकवणीबाईशी. मीच विषय सांगते, अगदी साधा, कुणाचं वाईट होणार नाही असा. लहान मुलीचा नवा झगा. लेकराला नवा झगा मिळाला तर कुणाचं काय बिघडणार आहे?

३ मे

आज बोलले. बरं वाटलं. शिकवणीबाई राखी कोट घातलेली बाई झाली, कोटाचा रंगसुद्धा तिने सांगितला. पांढरा झगा, लांब बाह्या, आठ-नऊ वर्षांच्या मुलीसाठी. पाठीमागून वरपासून खालपर्यंत उघडा, नुसते बंद. अंगावर चढवायला सोपा, म्हणाली. मी म्हटलं वा. मापं सांगायला लागली. छाती, कंबर, बाही, उंची. मग म्हणाली, दोन्ही खांदे सारखे.

मी झटकन म्हटलं, नाही हो, डावा खांदा अर्धा इंच खाली आहे.

का म्हणाले कोण जाणे. चुकीचं माप कानावर पडलं की गप्प बसवत नाही मला, हातातलं काम सोडून दुरुस्त करते. शिकवणीबाई म्हणाली, अगदी बरोबर, धन्यवाद. कधी मिळेल? मी आपलं नेहमीचं, उद्या देते. सगळे शिंपी जे सांगतात ते. ती म्हणाली, शाब्बास, एकही चूक नाही.

मालकीणबाई पडद्याबाहेरून ऐकत असाव्यात. दुपारी सही केली! कागद एजंटाकडे गेलासुद्धा. घोडं गंगेत न्हालं!

४ मे



सहज मालकीणबाईंना विचारलं, पाठ पूर्ण उघडी असा झगा इथे घालतात का. खडूने कागदावर काढून दाखवला. त्या एकदम गंभीर झाल्या. उठल्या, टेबलावरचं कापड बाजूला सारलं आणि स्वतः टेबलावर चढून उताण्या झोपल्या. हात छातीवर, डोळे मिटलेले. मग डोळे उघडून, झगा समोरून अंगावर सरकवायचा आणि कडा पाठीखाली खोचायच्या, असं करून दाखवलं. कारण मेलेल्याचं अंग उठवून बसवता येत नाही.

लख्ख ऊन होतं दुकानात. शेजारी किल्ली घासल्याचा आवाज येत होता. आणि मला ती मापं आठवली. छाती, कंबर, बाही. डावा खांदा.

तो खांदा मी दर सहा महिन्यांनी मापते. तिच्या प्रत्येक फ्रॉकला डाव्या बाजूला पट्टी घालून उंची साधते, म्हणजे शाळेत कुणी चिडवू नये.

हात दाखवून अवलक्षण. मीच विषय दिला, माप मीच नीट करून दिलं, तारीखही मीच दिली. माझ्या ठमीचा—

ताईला फोन केला. ठमी मागे हसत होती. बरी आहे, बॅग भरतेय. येऊ नका म्हटलं. ताई चिडली, वेड लागलंय का तुला, पोर दिवस मोजतेय. आणि खरंच, लांब ठेवली म्हणून वाचेल असं थोडंच आहे? जवळ तरी असू दे माझ्या.

राखी कोटवाली अजून दुकानात आलेली नाही. खरी ऑर्डर अजून झालेली नाही. पोपटवाल्यालाही गल्ल्यावर बोलणं पूर्ण झाल्यावरच पोपट मिळाला.

शिकवणीबाईला सांगितलं, तो धडा पुसून टाक, बदल, काहीही कर. ती म्हणाली, तो धडा पूर्ण झालाय, छान झालाय, आता फक्त बोलायचं बाकी आहे.

५ मे

आली. राखी कोट, राखी हातमोजे. चेहरा साधा, दमलेला. कुणाची तरी आई असेल. पांढरा झगा म्हणाली, पाठीमागून उघडा म्हणाली. मी आत पळाले, ट्रायल रूमचा पडदा ओढला. ती पडद्यापर्यंत आली. मापं सांगितली. दोन्ही खांदे सारखे, म्हणाली, आणि थांबली.

मालकीणबाई मध्ये काहीतरी बोलल्या. तिने ऐकलंच नाही.

मी तोंडावर हात दाबून धरला. माझी अख्खी जीभ शिवशिवत होती ते माप नीट करायला.

दुकान बंद होईपर्यंत ती तशीच उभी.

६ मे

पुन्हा आली, पुन्हा पांढऱ्या झग्यापासून सुरुवात. मी रागाने ओरडले, नको! आपल्या भाषेत, मराठीत. तर ती मान हलवून पुढे सरकली, जणू मी उत्तर दिलं. मापं सोडून थेट खांद्यांवर आली. दोन्ही खांदे सारखे.

म्हणजे कुठल्याही भाषेतला शब्द चालतो तिला. आपल्या बाजूचा कुठलाही शब्द तिला पुढे नेतो. खांदा, मग तारीख. दोनच पायऱ्या उरल्यात.

आता तोंड उघडायचंच नाही. मालकीणबाईंशी नाही, कुणाशी नाही. बोलायचं ते इथे, वहीत.

८ मे

दुकान सोडून बसच्या थांब्यावर गेले. ती तिथेही आली. माझ्याशेजारी बसली. दोन्ही खांदे सारखे. आजूबाजूची माणसं आपापल्या फोनमध्ये.

बरं झालं, वर खोलीत येत नाही. अजून तरी.

मालकीणबाईंनी घसा दुखतो का विचारलं, गरम पाणी दिलं. त्या माऊलीला कसं सांगू? सांगण्यापुरते शब्दच मी कधी घोकले नाहीत.

१० मे

ठमी आली. ठमी माझ्या मांडीवर आहे. दाताची खिडकी झालीय, केस वाढलेत. दिवसभर तिला कुशीत घेऊन बसलेय, एक शब्द न बोलता. ताई म्हणते, आनंदाने वाचा बसली वाटतं. बसू दे.

पोरगी रस्त्यावरची एकेक पाटी मोठ्याने वाचत आली म्हणे. दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड लागलीय. माझ्यासमोरही वाचून दाखवलं, औषधाच्या बाटलीवरचं, बॅगेच्या चिठ्ठीवरचं. इथली भाषा तिला एवढी कशी येते?

ताई कौतुकाने म्हणाली, तुझ्याच शिकवणीवर शिकलीय. मीच लावून दिली. रोज तिच्याशी गप्पा मारते.

११ मे, सकाळ

ताई बाजारात गेलीय. ठमीला दाराला कडी लावून वर ठेवलं होतं. मी खाली टेबलापाशी, तोंड घट्ट मिटून. राखी कोटवाली आली. दोन्ही खांदे सारखे, म्हणाली.

आणि जिन्यावरून ठमी. मालकीणबाई वर जाऊन तिला घेऊन आल्या होत्या, लाडाने, हात धरून. ठमी त्या बाईसमोर उभी राहिली आणि तिच्याच भाषेत घडाघडा म्हणाली, नाही, माझा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे.

शिकवणीबाईने पाठ करून घेतलं असणार. आपल्या अंगाचं वर्णन करा, असा धडा असेल.

राखी कोटवाली हसली. पहिल्यांदा. अगदी बरोबर, धन्यवाद.

मी ठमीला उचलून ट्रायल रूममध्ये आणलंय. पडदा ओढलाय. तिच्या तोंडावर एक हात, दुसऱ्याने वहीत लिहितेय. मालकीणबाई बाहेर काहीतरी विचारतायत. कोट पडद्याला घासतोय. आता ती तारीख विचारेल. मी बोलले तरी पुढे, ठमी बोलली तरी पुढे. ठमी हाताला चावतेय, घाबरलीय, आई काय झालं म्हणून बघतेय— किती वेळ दाबून धरू— श्वास कोंडतोय तिचा—

हात काढायला हवा. हिला सांगायचं कसं? बोलून नाही. लिहून दाखवते. हो, लिहून. मोठ्या अक्षरात—

ठमी. बाळा. हे वाच. बोलू नकोस. बाहेरच्या बाईने विचारलं कधी मिळेल, तर गप्प राहा. काही झालं तरी उद्या हा शब्द

अगं मनात! मनात वाच, मोठ्याने न